घरात न चालणारा पाय

आमच्या यूनुसभाईला रस्ता विचारावा, सल्ला विचारू नये, असं मोहल्ल्यात म्हणतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारातली गल्ली न् गल्ली त्याला पाठ, पण दोन शर्टांतला कुठला घालायचा हे ठरवायला त्याला बहीण लागते. ती बहीण मी, जास्मीन. पनवेलच्या शाळेत उभी हयात चौथीचा वर्ग सांभाळला, आता निवृत्त आहे आणि भावाच्याच इमारतीत एक मजला वर राहते. वयाने तो मोठा असला तरी ओरडण्याचा हक्क पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

भाईचा टेम्पो होता. कळंबोलीहून सळया भरायच्या आणि जिथे बांधकाम असेल तिथे नेऊन टाकायच्या. नेऱ्याकडे शेतघरं उठायला लागली तेव्हा त्याला जेवायला फुरसत नसायची. तिथेच एका उतारावर टेम्पो रिकामा करताना सळयांचा भारा सुटला आणि त्याच्या डाव्या पायावर आला. डॉक्टरांनी दोन दिवस वाट बघितली, मग गुडघ्याखाली पाय कापला.

आमच्यात कापलेला अवयव असाच टाकून देत नाहीत. माणसाचा तुकडा म्हणजेही माणूसच, तो मातीला द्यायचा असतो. आमचा चुलतभाऊ यासीन इस्पितळातून पाय घेऊन आला, पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि मशिदीमागच्या कबरस्तानात एका कोपऱ्यात पुरला. अम्माला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पाय घाईत होता, पुढं गेला. बाकीच्यानं घाई करू नये." आमची अम्मा अशीच आहे. ऐंशी कधीच ओलांडली, भाईच्या घरात खिडकीजवळच्या खाटेवरून उठत नाही, पण जीभ अजून कामावर जाते.

भाई शुद्धीवर आला तेव्हा मी उशाशी होते. मला वाटलं टेम्पोचं विचारेल, नाहीतर दोह्याला नोकरीला असलेल्या फुजैलला, म्हणजे त्याच्या मुलाला, कळवलं का ते विचारेल. त्याने विचारलं, "आता अम्माला कोन उतरवनार?"

"अम्मा ठनठनीत हाय," मी म्हटलं. "तू आधी पानी पी."

पण प्रश्न खोटा नव्हता. अम्माने आपल्या मरणाची तयारी लोक लग्नाची करतात तशी करून ठेवली आहे. कफनाचं कापड ट्रंकेत आहे, अत्तराची कुपी आहे, मक्केहून आलेल्या जमजमच्या पाण्याची बाटली आहे. बाईला कबरीत उतरवायचं ते तिच्या जवळच्या पुरुषांनी, मुलाने, भावाने, नातवाने. अम्माचे भाऊ गेले. फुजैल परदेशात आणि आमच्याकडे मयत ताटकळत ठेवत नाहीत, त्यामुळे तो पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार. मुलगा एकच. अम्माने हे आमचे अब्बा गेले तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "मला परक्या हातांनी उतरवू नका. यूनुस आत उतरंल आन् मला घेईल." मी मुलगी. बायका आमच्याकडे कबरस्तानात जात नाहीत, त्यामुळे माझं नाव त्या हिशोबात कधी आलंच नाही.

कुबड्या घेतल्या की माणसाचे दोन्ही हात अडकतात. भाई कुबड्यांवर दूध आणायला जायचा आणि पिशवी दातात धरून यायचा. आईला काय दातात धरणार? त्याने हे एकदा मला हसत हसत विचारलं आणि विचारल्यावर तो हसायचा थांबला.

मग फुजैलने मनावर घेतलं. रोडपालीला कृत्रिम हातपाय बसवणारं एक सेंटर आहे, तिथे भाईचं नाव घातलं. तिथला सुशांत नावाचा मुलगा कामाला हुशार आणि बोलायला गोड. त्याने भाईच्या उरलेल्या पायाचं माप घेतलं, साचा काढला, वर घट्ट बसणारी वाटी, खाली नळी आणि त्याखाली काळं, लवचीक असं पाऊल. परदेशी पाऊल. चवड्यावर भार दिला की ते आपणहून पुढे ढकलतं. पायाची जुळणी करायला रोज वापरायचे बूट आणा म्हणाला. भाई आयुष्यभर चपलेतला माणूस. फुजैलने दोह्याहून पांढरे बूट पाठवले, जाड तळव्यांचे, नवरदेवाला शोभतील असे.

"काका, तुम्हाला नक्की काय करायचंय ह्या पायाने?" सुशांतने विचारलं.

"खड्ड्यात उतरायचं हाय. मग वरून वजन येनार, ते हातांत घेऊन खाली ठेवायचं हाय. सांभाळून, आदळता कामा नये."

सुशांतला वाटलं काका बांधकामावर आहेत. त्याने बिचाऱ्याने जिने चढवले, उतरणीवर चालवलं, हातात वाळूची गोणी देऊन वाकवलं. भाईने सगळं केलं. गोणी त्याने इतकी हळू खाली ठेवली की बाजूचे दोघे पेशंट बघत राहिले. मी तिथे बाकावर बसून रडून घेतलं, कारण घरी रडले असते तर अम्माने कारण विचारलं असतं.

तिथून भाई रिक्षाने थेट मशिदीत गेला. अपघातापासून तो रांगेच्या टोकाला खुर्चीवर बसून नमाज पढायचा. खुर्चीला कुणाची ना नाही, पण त्याला ती खुर्ची डोळ्यांसमोर नको होती. त्या दिवशी त्याने खुर्ची नाकारली, सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहिला, हात बांधले आणि धाडकन मागे पडला. मागच्या रांगेतल्याने धरला म्हणून डोकं वाचलं. लोक चांगले आहेत, कुणी हसलं नाही. दोघांनी न विचारता खुर्ची आणून ठेवली, ते त्याला जास्त लागलं.

घरी आला, दारातून आत चार पावलं टाकली आणि परत मागे गेला. भिंत होती म्हणून टेकला. मी म्हटलं, नवा पाय आहे, सवय होईल. दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला, मच्छी घेतली, पुलावरून चालत आला, उरणनाक्यापर्यंत फिरून आला. एकदाही अडखळला नाही. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि पुन्हा तेच, कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलल्यासारखं.

इथून त्याच्या डोक्यात जो गुंता सुरू झाला तो मला सोडवता येईना. आधी तो म्हणाला, पुरलेला पाय ओढतो. मशिदीत आपण तोंड करतो पश्चिमेला, कबरस्तान पूर्वेला, पाठीमागे. "म्हनून मी मागं पडतो. तो मला बोलवतो, जास्मीन."

"आन् घरात?" मी म्हटलं. "घरात तू दारातून आत येतोस तवा कबरस्तान तुझ्या समोर असतं. तरी मागंच पडतोस. पाय बोलवत असंल तर पुढं पडायला नको?"

हे मी त्याला शहाणं करायला बोलले. झालं उलटंच. दोन दिवसांनी तो म्हणाला, "मग पाय नाय. मग माझ्यातच कायतरी हाय. बाजारात चालतो, पुलावर चालतो. मशिदीत चालत नाय आन् आईच्या घरात चालत नाय. ज्या दोन जागी मानसानं सरळ उभं ऱ्हायला पायजे तिथंच मी पडतो. का?"

चौथीच्या पोरांना मी ग्रहण समजावलंय, भरती-ओहोटी समजावली आहे, पण माझ्या भावाचा पाय उंबरठ्याबाहेर एक आणि आत दुसरा कसा होतो हे मला समजेना. मी चिडायचे. समजत नसलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड.

आम्ही सेंटरला गेलो. भाई बूट वाजवत लांबलचक खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला, वळला, वाकला, सगळं ठीक. दुखरा दात दवाखान्याच्या पायरीवर गप्प होतो तसं. सुशांतने स्क्रू तपासले, वाटी तपासली, पुन्हा चालवलं. काही सापडेना. शेवटी तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, कधी कधी हे मनातलं असतं. ॲक्सिडेंटची भीती. काकांना काउन्सेलिंगची गरज असेल."

भाईचे कान तिखट. रिक्षात तो मला म्हणाला, "म्हंजे पाय बी गेला आन् डोकं बी." मी त्याला म्हटलं, डोकं होतं कधी? तो हसला नाही. अशा वेळी आपली थट्टा आपल्यालाच कडू लागते.

त्यानंतर तो तौबा करायला लागला. कशाची, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. टेम्पोत कधी वजनात कमीजास्त झालं असेल, कधी कुणाला उलट बोललं असेल, आठवून आठवून माफी मागायचा. कधी म्हणायचा, परदेशी पाऊल आहे, त्याला आपलं घर ओळखीचं नाही. कधी म्हणायचा, अम्माची नजर पडली की पाय घाबरतो. एक समजूत धरायची, दोन दिवस तिच्यावर राहायचं, मग तीही सोडायची. शेवटी त्याने दारातच पाय काढून ठेवायला सुरुवात केली. बाहेरून आला की चपलांच्या रांगेत तो पाय पांढऱ्या बुटासकट भिंतीला टेकून उभा असायचा आणि भाई घरात एका पायावर, भिंत धरून.

त्यात अम्माला ताप आला. आठवडाभर छाती भरलेली, श्वास घेताना घर्र घर्र. डॉक्टर घरी येऊन गेले. ताप उतरला, पण तिचं तिलाच काही कळलं असावं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते, भाई दारात स्टुलावर बसला होता, आणि ती म्हणाली, "यासीनला सांगून ठेव, जास्मीन. तयारीत ऱ्हा म्हनावं."

"कसली तयारी?"

"मला उतरवायची. अडचन असली तर परका बी चालतो. मौलानांना विचारलंय मी."

यासीन आमच्या काकाचा मुलगा. भला माणूस, पण दिराचा मुलगा म्हणजे ह्या बाबतीत परकाच, अम्माने आयुष्यभर त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. ती हे भाईवर रागावून बोलली नव्हती. तेच वाईट होतं. रागावली असती तर तो भांडला असता. तो स्टुलावरून उठला, भिंत धरून आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मला पेजेचा चमचा कुठे ठेवावा ते सुचेना.

संध्याकाळी मी त्याच्या दारावर थापा मारल्या. "पाय घाल. मला बघायचंय."

"काय बघायचं? रोज बघतेस."

"घाल म्हनते ना."

मी फोन काढला आणि चित्रण सुरू केलं. कशासाठी ते माझं मलाही नीट माहीत नव्हतं. त्या सुशांतला दाखवायचं होतं की माझा भाऊ वेडा नाही, एवढंच. भाईने जिन्यात पाय चढवला, वरपासून खालपर्यंत एक मजला चालून दाखवला, अगदी झकास. मग दारात आला, बूट काढले, आत पाऊल टाकलं. तिसऱ्या पावलाला गुडघा मागे ताणला गेला, दोन्ही हात हवेत गेले आणि तो सोफ्यावर आपटला. फोनमध्ये माझाच आवाज आला, 'अल्ला'.

दुसऱ्या दिवशी मी एकटी रोडपालीला गेले आणि फोन सुशांतच्या नाकासमोर धरला. त्याने बघितलं. पुन्हा लावून बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, काकांचे बूट कुठे आहेत?"

"दारात."

"दारात का?"

"मग कुठे असतील? घर आहे ते."

मग त्याने कपाळाला हात लावला. टेबलावर एक सुटं पाऊल नळीसकट उभं होतं. त्याने पावलाच्या टाचेखाली खोडरबर सरकवलं. नळी सरळ उभी राहिली. खोडरबर काढलं तशी नळी मागे कलली.

"बुटाची टाच उंच असते. तेवढी उंची धरून आम्ही पाय जुळवतो. बूट काढला की टाच खाली जाते आणि सगळा पाय माणसाला मागे ढकलतो. जिथे लोक घरातही बूट घालून वावरतात, तिथलं पाऊल आहे हे. मी बोललो होतो काकांना, बुटाशिवाय चालू नका म्हणून."

बोलला होता. आम्ही दोघांनीही मान डोलावली होती. डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणतात तेव्हा डोलावतो तशी. घरात, मशिदीत कुणी बूट घालून जाईल हे आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, आणि सेंटरमध्ये सगळेच बूट घालून असतात, त्यामुळे सुशांतच्याही नजरेस काही पडलं नव्हतं. तो स्वतः घरी गेल्यावर दारातच बूट काढत असणार, पण ते त्याच्या कामात त्याला कधी आठवलं नाही. त्याला ओरडायला मी तोंड उघडलं आणि कोणत्या तोंडाने ओरडू ते न कळून मिटलं. मोज्याच्या आत टाचेखाली घालायची रबराची पाचर तो बनवून देणार होता, मशिदीसाठी. घरात तोवर बूटच घाला म्हणाला.

भाईला सांगितलं तर मला वाटलं उड्या मारेल. त्याने बूट उचलून उलटा केला आणि टाचेवर बोट ठेवलं. "एवढंच?"

"एवढंच."

"मग पाय ओढत नव्हता?"

"नाय."

"आन् गुनाह बी नव्हता?"

"गुनाह तुझे तुला ठाऊक. पडायचं कारन टाच."

"मग मी एवढी तौबा केली ती कशाची?" तो खरंच विचारत होता. इतके दिवस त्याने आपल्या पडण्याला अल्लापर्यंत नेऊन पोचवलं होतं, आणि आता कुणी त्याला सांगत होतं की बोटभर उंचीचा प्रश्न आहे. त्याला हलकं वाटलं की फसवल्यासारखं वाटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मला स्वतःला आधी हसू आलं, मग राग आला.

मी बुटांचे तळवे फिनेलने धुतले, फडक्याने पुसले, पुन्हा धुतले. भाईने ते घातले आणि अम्माच्या खोलीच्या दारात येऊन थबकला. ह्या घरात बूट घालून आलेल्या मीटरवाल्याला अम्माने, ती चालती-फिरती होती तेव्हा, जिन्यापर्यंत झाडू दाखवला होता. त्याचा पाय उचलेना.

"काय दारात उभा हाय?" अम्मा खाटेवरून म्हणाली.

मी सगळं सांगितलं. टाच, नळी, खोडरबर. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "एवढी वर्सं पोरांना शिकवलंस, आन् तुला हे कळलं नाय?"

"तुला तरी कुठं कळलं?"

"मला कोनी दाखवलं का?" मग ती भाईकडे वळली. "ये आत. बूट घालून ये. मी सांगते ना."

भाई आत आला. दार ते खाट. एकदाही मागे गेला नाही. खाटेजवळ येऊन सरळ उभा राहिला, हात मोकळे. अम्माने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "गादी घाल खाली, जास्मीन."

"कशाला?"

"घाल म्हनते ना."

मी खाटेशेजारी जमिनीवर गादी घातली. अम्माने अंगावरची चादर बाजूला केली. "तू वरून दे मला," ती मला म्हणाली. "आन् यूनुस, तू खाली घे."

आम्हाला समजलं तेव्हा आम्ही दोघेही नको म्हणालो. अम्मा म्हणाली, "मला बघायचंय. तवा मला बघता येनार नाय."

मी तिच्या काखांखाली हात घातले. आमची अम्मा आता इतकी हलकी आहे की उचलताना धक्काच बसतो. भाई गादीपलीकडे उभा राहिला, वाकला, दोन्ही हात पसरले. मी तिला त्याच्या हातांत दिली. कबरस्तानात मला कधी जागा नव्हती आणि असणारही नाही, पण माझ्या आईला माझ्या भावाच्या हातांत मी दिलं, हे कुणी काढून घेऊ शकत नाही. भाईचे ओठ हलायला लागले, उतरवताना म्हणतात ती दुआ तोंडात आली असावी. अम्मा म्हणाली, "ती तवासाठी ठेव."

त्याने तिला खाली ठेवलं. आदळलं नाही. आधी कंबर, मग पाठ, मग हाताचा आधार देत डोकं. मग तिच्या खांद्याला हात लावून त्याने तिला कबरीत ठेवतात तसं उजव्या कुशीवर वळवलं, तोंड पश्चिमेला. भाई गुडघा टेकून तिच्याकडे बघत होता, आणि रडावं की हसावं हे न समजून त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"अम्मा," त्याने विचारलं, "नीट झालं?"

तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच गादीवर डोकं जरा नीट टेकवलं.

"नीट झालं," ती म्हणाली. "तवा मला सांगता येनार नाय, म्हनून आताच सांगते. नीट झालं."

मग तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि वर घे म्हणाली.